वजन घटत आहे

मार्चचा दुसरा आठवडा. अमळनेर.
केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल, दुपारचे साडेतीन,
आणि व्हरांड्याचे पत्रे एकदम बोलायला लागले.

सुकलाल अण्णा दारातूनच ओरडले,
"गारा पडी ऱ्हायन्यात रे भो!"
ब्युरेट टपकत्या ठेवून सगळी बाहेर.

सायकल स्टँड पांढरा.
बोरीकडे उतरणारा रस्ता पांढरा.
कडुनिंब पार उघडा पडलेला,
खाली चार पोपट, अजून हिरवे.
फिरके बादली भरत होता,
रात्री होस्टेलवर सरबत करू म्हणून;
लुकमान तडवी उकिडवा बसून
पोपटांवरच्या गारा बोटांनी बाजूला करत होता.

तू ओढणीत एक घेऊन आत आलीस.
लिंबाएवढी, आत कांद्यासारखे पदर.
तराजूच्या काचेत ठेवलीस,
मी चिमट्याने वजनं लावत गेलो.
अठरा ग्रॅम.
साडेसतरा.
सतरा, नाही, थांब.
काटा थांबेचना.
मग ती हातात घेऊन, ओल्या बोटांनी,
तू माझ्याच जर्नलमध्ये लिहिलंस:
निरीक्षण – वजन घटत आहे.
सरांनी पुढच्या आठवड्यात लाल शाईत विचारलं,
कशाचं?

परवा पत्र्याच्या पेटीत ते जर्नल सापडलं.
बाहेर त्रेचाळीस डिग्री,
कूलर पाणी संपून नुसता घरघरतोय.
तुझं आडनाव नेहेते होतं की नारखेडे,
मला नक्की सांगता येणार नाही.

पानावर एक गोल डाग आहे,
त्यात तुझं अक्षर पसरलेलं.
सरांचा प्रश्न डागाच्या बाहेर,
कोरडा.