दहापैकी

भुसावळात मे महिन्यात
पारा कुणाचं मन राखत नाही.
सत्तेचाळीस म्हणजे सत्तेचाळीस.
शटरला हात लावला तर कातडी चिकटते.
आणि मी आत, कूलरसमोर बसून
एका खेळाला नऊ देत होतो.

जळगावच्या पेपरात शुक्रवारी माझी चौकट येते.
नवा व्हिडिओ गेम, दोनशे शब्द,
खाली उजवीकडे गोल, गोलात आकडा.
चार वर्षांत त्या गोलात
सहा एकदाच बसला,
तोही अशा कंपनीचा
जिची जाहिरात आपल्याकडे येत नाही.
पाच, चार, तीन
आहेत म्हणे,
शाळेतल्या नकाशावर ध्रुव असतात तसे.
कुणी गेलेलं नाही.

जाहिरातीचे सरोदे फोनवर म्हणाले,
"भो, अर्धं पान त्यांचं आहे.
आठ दिला तर त्यांना शिवी दिल्यासारखं वाटतं."
मी हसलो.
आमच्या धंद्यात हसण्यालाच हो म्हणतात.

'काळगड' मी चार तास खेळलो होतो.
चार तासांत किल्ला सुंदर दिसतो.
बुरुजावरून ऊन सरकतं,
घोड्याच्या आयाळीचा केस न् केस मोजता येतो.
तिसऱ्या टप्प्यातली नदी मी पाहिलीच नव्हती.
लिहिलं: एकदा हातात घेतला की सुटणार नाही.
हे वाक्य आधी अकरा खेळांना लावलंय,
शिंप्याकडच्या उरल्या बटणासारखं.
कुठल्याही सदऱ्याला चालतं.

जुलैत आरिफ तडवी आला, यावलकडचा.
सतरा वर्षांचा असेल.
शर्टावर केळीच्या चिकाचे काळे डाग,
सोड्यानं न जाणारे, रिठ्यानं न जाणारे.
दीड महिना कटाईवर होता,
खांद्यावर घड, बांधावरून ट्रकपर्यंत,
त्या पैशांतून त्यानं काळगड घेतला.
खिशात माझी चौकट, चार घड्या घातलेली.
घडी नेमकी नऊवरून गेलेली,
तिथे कागद विरला होता.

"नदीपाशी घोडा भिंतीत घुसते," तो म्हणाला,
"मंग सारं पहिल्यापासून. सात डाव केलं."
वाटलं, आता भांडेल.
पैसे मागितले असते तर बरं झालं असतं,
मला वाद घालता आला असता.
त्यानं एवढंच विचारलं,
"दादा, तुमी कसे गेले व्हते पार?"

कूलरमधलं पाणी संपलं होतं.
पंप कोरडाच घुरघुरत होता.
मी म्हणालो, जरा डावीकडून घे.

तो खूश होऊन गेला,
डावीकडून घ्यायला.

त्या रात्री मी नदीपर्यंत खेळलो.
दोन वाजले.
डावीकडून घेतलं, उजवीकडून घेतलं,
घोड्यावरून उतरून पाहिलं.
घोडा भिंतीत शिरतो, मान आत, शेपूट बाहेर,
आणि तसाच पळत राहतो, जागच्या जागी,
आयाळीचा केस न् केस हलतो.

पावडर मारून पिकवलेलं केळ
वरून हळदीसारखं असतं.
दात लागेपर्यंत कुणाला कळत नाही.
आरिफनं ते घड वाहिलेत, त्याला कळतं.
तरी माझ्या नऊची साल
त्यानं सोलून पाहिली नव्हती.
छापलेलं होतं ना.

सरोद्यांना म्हटलं, दुरुस्ती छापा.
ते म्हणाले, दुरुस्ती मयताच्या तारखेची छापतात,
आकड्याची नाही.
मी गप्प बसलो. या वेळी हसलो मात्र नाही.

मग दुकान बंद करून
शटरवर खडूनं लिहिलं:
काळगड, दहापैकी चार.
खाली बारीक अक्षरात:
नदी ओलांडता येत नाही.
मी ओलांडली नव्हती.

आता अडचण अशी,
सकाळी शटर वर गेलं
की आकडा गुंडाळला जातो,
दिवसभर गिऱ्हाईक त्याखालून येतं-जातं.
रात्री दुकान मिटल्यावरच
माझा चार खाली उतरतो,
रिकाम्या जामनेर रोडकडे तोंड करून.

यावलची शेवटची गाडी त्याआधीच सुटते.