स्लाइड अकरा : मर्यादा

आठ मिनिटं. त्यातलं पहिलं दीड
'माझा आवाज येतोय का?' यात गेलं.
येत होता. मुबीनाचा जयसिंगपूरहून,
निकिताचा कागलच्या स्टँडमागच्या खोलीतून,
माझा राजारामपुरीतून, मागं मिक्सर सुरू.
विश्वतेज मात्र उद्यमनगरात, वडिलांच्या शेडमध्येच,
ऑइलच्या डब्यावर लॅपटॉप,
कॅमेऱ्यात अर्धा तो, अर्धं कॅलेंडर.

टीम तीन. 'उदयोन्मुख तंत्रज्ञान' म्हणताना
निकिता दर तालमीत अडखळायची,
म्हणून ती स्लाइड मी घेतली.

आम्ही मशीनला मशीनचं ऐकायला शिकवलं होतं.
दोनशे चौदा रेकॉर्डिंग : लेथ, मिलिंग, शेपर,
आणि चुकून आलेला एका रिक्षाचा हॉर्न.
तो मुबीनानं काढला नाही. म्हणाली, असू दे,
त्यालाही कळू दे आपल्याकडं कसं असतं.

सहावी स्लाइड. तीन आवाज वाजवायचे,
मॉडेलनं सांगायचं : ठीक, की बिघाड.
पहिला वाजला. वर्तुळ फिरत होतं तेवढ्यात
कॅमेऱ्याबाहेरनं कुणीतरी म्हणालं,
'बेअरिंग गेलंय रं त्याचं. तेल घालून काय उपेग न्हाई.'
एकोणचाळीस चौकोन हसले, बरेचसे म्यूटवर,
नुसती तोंडं हललेली.
सर म्हणाले, हे तुमच्या टीमचे पाचवे सदस्य का?
विश्वतेजचे कान लाल.
मॉडेल : बिघाड. एक्क्याण्णव टक्के.

दुसरा. 'ह्यो ब्येस हाय.'
मॉडेल : ठीक.
चॅटमध्ये कुणीतरी टाकलं, नाद खुळा.

तिसरा.
'ह्यो पन ब्येस. एकदम लोण्यागत.'
मॉडेल : बिघाड. अठ्ठ्याऐंशी टक्के.
पुन्हा हशा, या वेळी मॉडेलला.

खाली घरघर, आणि तिच्यावर एक बारीक शिट्टी,
सुईनं पत्रा ओरखडावा तशी.
आम्हा चौघांना ती पाठ होती.
आप्पांना ती ऐकू येत नाही.
अठ्ठावीस वर्षं शेडमध्ये. डावा कान पुरता गेलेला,
उजव्यातनं वरचे सूर कधी गळाले
त्यांनाही कळलं नसेल.
ते स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला लावतात,
मूठ कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटतात.
फेब्रुवारीत याच शिट्टीनं स्पिंडल जाम झालं,
ऑर्डर शिरोलीला दुसऱ्याकडं गेली.
विश्वतेजनं विषय सुचवला तेव्हा एवढंच म्हणाला होता,
डेटा सहज मिळेल, घरचाच आहे.

त्यानं माइक चालू केला.
मला वाटलं, आता सांगेल.
'सर, मॉडेल अजून कच्चं आहे.
तिसऱ्याला चुकतंय.'

निकितानं कॅमेरा बंद केला.
अकरावी स्लाइड माझी होती.
तिच्यावर लिहिलं होतं : नमुने कमी, गोंगाट जास्त.
तेवढंच वाचून दाखवलं.

वीसपैकी चौदा.
शेरा : अचूकता वाढवा. मागचे आवाज टाळा.

रेकॉर्डिंग बंद करायला मी विसरले.
सगळे गेल्यावरची चार मिनिटं त्यात नुसती शेड आहे.
रिकामं स्टूल. आता पूर्ण दिसणारं कॅलेंडर,
एका तारखेला पेन्सिलीचा गोल.
मग आप्पा येतात. वाकून पडद्याकडं बघतात,
चष्मा वर सरकवतात,
काळ्या नखाचं एक बोट बराच वेळ हवेत,
मग खाली. तिसरा आवाज सुरू होतो.
ते खिशातनं स्क्रूड्रायव्हर काढतात,
टोक स्पीकरच्या जाळीवर, मूठ हाडाला.
आवाज संपतो. पुन्हा लावतात.

बाहेरनं विश्वतेजची हाक, 'आप्पा, चहा!'
एकदा. दोनदा.

ते डोळे न उघडता
मोकळा हात वर करतात : थांब.