काळी बाटली

रात्री फळीवर ठेवली होती, मिठाच्या बरणीशेजारी.
सकाळी पाहिलं तर काळी.
चहाच्या गाळासारखी नाही,
तव्याच्या बुडासारखी.
बायको म्हणाली, "हे आधी घराबाहेर न्या."

मी पंचायतीचा जलसुरक्षक. कागदावर.
गावात पावडरवाला.
दर मंगळवारी बादलीत टीसीएल कालवतो,
निवळ तेवढं इहिरीत सोडतो,
आणि रहाटावरून कुणीतरी म्हणतंच,
"आज चहाले दवाखान्याचा वास येईन, बापा."

पाणी पाहाल तर काच.
तळाचे गोटे मोजून घ्या.
यादव झोडापे माझ्यासमोर ओंजळ भरून पितो:
"चाळीस वर्सं झाले पेतो. मले काय झालं?"
त्याची नात तेव्हा आत खाटेवर,
ओठांना पापुद्रे,
दुर्पता आशाताई चमच्यानं मीठ-साखर पाजतेय
आणि वहीत रेघ मारतेय.
आषाढात अकरा रेघा.
अकरावी माझ्या पोराची.

मी बोट दाखवलं गोदरीकडे.
सोपं होतं ते.
नाल्यापलीकडं बेशरमाच्या झुडपांत
पहाटेची कुजबुज,
गाडीचा उजेड पडला की बायकांनी उभं राहायचं,
गाडी गेली की पुन्हा बसायचं,
आणि पोट्टे तर सडकेवरच.
सभेत सांगितलं, माशी आधी कुठं बसते, मग कुठं.
गुलाब कोवे म्हणाला, "माशीले मग बसचा पास देऊन टाक."
सगळे हसले. मीही.

संडास होते ना. पिवळे, निळे, नंबर टाकलेले.
पंचफुलाच्या संडासात कुटार.
शाळेमागच्यात शेळी व्याली, दोन पिल्लं.
पण नऊ घरांनी ऐकलं होतं माझं,
नऊ घरांत आतून कडी लागत होती.

मग दुर्पतानं वही माझ्याकडं फिरवली.
"रेघा कोठी हायेत ते पाय, भाऊ."

गोदरीकडची घरं कोरी.
ती बोअरिंगचं पाणी पितात.
सगळ्या रेघा इहिरीभोवती,
आणि इहिरीला लागून, उताराच्या वर,
चंद्रभान नेवारेचं घर,
त्याचा संडास,
त्याचा खड्डा.

तो मी खोदला होता.
तपासणी आठ दिवसांवर आलेली.
चार फुटांचे दोन हवे होते.
तो म्हणाला, "एकच घे, पण खोल घे,
नातवाच्या लग्नापर्यंत भरू नये."
मी दहा फूट गेलो.
काळी संपली, मुरूम लागला,
आणि तळव्यांना ओल लागली, गार.
वैशाख होता. बरं वाटलं.
थोडा वेळ तसाच उभा राहिलो त्यात.

आज पावलांनी मोजलं.
खड्ड्यापासून इहिरीपर्यंत सतरा.

सांगू कसं?
चंद्रभानच्या बायकोचे गुडघे गेलेत,
त्या चार भिंतींना ती रोज हात जोडते.
आणि गाव काय म्हणेल ते पाठच आहे मला:
बाहेर जात होतो, तवाच बरे होतो.

दोन दिवस बाटली खिशात घेऊन फिरलो.
तिसऱ्या दिवशी त्याच्या ओसरीवर ठेवली.
तो बराच वेळ बघत राहिला.
मग म्हणाला, "माह्या घरचं हाय का हे?"
मी म्हटलं, "आपल्या दोघायचं."

श्रावणात खोदणं म्हणजे
माती फावड्याला सोडत नाही.
घराच्या खालच्या अंगाला, इहिरीपासून लांब,
मजुरी न घेता, दोन खड्डे.
चार फुटांवर थांबलो.
हाताला सवय नाही
इतक्यात थांबायची.
जुना बुजवला. गुलाब कोवे टोपल्या टाकायला आला,
माशीचं काही बोलला नाही.

काल नवी बाटली भरली, त्याच फळीवर ठेवली.
रात्री दोनदा उठून पाहिली.
सकाळी तपकिरी.

मी धावत दुर्पताकडं नेली.
तिनं उन्हात धरली, हलवली,
आणि म्हणाली,
"तपकिरीलेही काळीच म्हणा लागते, भाऊ.
पुढच्या मंगळवारी पुन्हा भर."