तारखेकडचा तुकडा

उद्यमनगरात, वेल्डिंगच्या दोन शेडांच्या मधे
वर डॉक्टर नांद्रेकरांचा दवाखाना, खाली माझं मेडिकल.
जिना एकच. वरून निघालेला माणूस
थेट माझ्या काउंटरवर उतरतो.

अकरा वर्षांत त्यांचं अक्षर मला
माझ्या पोराच्या अक्षरापेक्षा जास्त कळायला लागलं.
सोमवारी रेघ ठाम.
शनिवारी, साठ पेशंट झाल्यावर,
'दिवसातून दोनदा'चं नुसतं शेपूट उरतं.
आणि महिन्याच्या सात-आठ तारखेला
टाय लावलेला तो निपाणीचा पोरगा बॅग घेऊन
वर जाऊन आला
की अक्षर तेच राहतं,
गोळीचं नाव बदलतं.

साखरेची गोळी. पांढरी, लांबट, मधे चीर.
कंटेंट तोच, ताकद तीच.
एकीची पट्टी अठरा रुपये,
दुसरीची एकशे चार.
दोघी माझ्या एकाच खणात झोपतात
पाठीला पाठ लावून.

मगदूम मामा फौंड्री सुटली की येतात,
भुवयांत काळी वाळू.
'किती हुत्यात गं समदं?'
पाचशे साठ म्हटलं की कागदाकडं असं बघतात
जसं आयत्या वेळी चार पाहुणे वाढल्यावर
परातीतल्या पिठाकडं बघावं.
'यातलं नडीचं तेवढं दे की.'

नडीचं.
ते मी ठरवायचं, डी. फार्म.च्या जोरावर.
टॉनिक बाजूला. पोटाची कॅप्सूल बाजूला.
साखरेची पट्टी कात्रीनं अर्धी.
'दुसरी स्वस्तातली हाय' हे ओठांपर्यंत येतं,
पण जिन्याला कान आहेत,
आणि गाळ्याचं भाडं मी त्याच जिन्यानं वर नेऊन देते,
पाच तारखेच्या आत.

रुक्साना बागवान तर कागदही आणत नाही.
फुटलेली रिकामी पट्टी काउंटरवर ठेवते,
'हेच. पण पाचच.'

गेल्या जानेवारीत, रात्री साडेनऊला,
अर्ध्या ओढलेल्या शटरखालून वाकून
डॉक्टरच आत आले. चष्मा कपाळावर.
'सुलक्षणाताई, साखरेची एक पट्टी द्या. माझी संपली.'
मी सवयीनं एकशे चारची काढली.
'ती नको,' म्हणाले. 'ती साधी.'
वीसची नोट दिली,
दोन रुपये सुट्टे आठवणीनं परत घेतले,
वाकून गेले.

मी रजिस्टर उघडलं.
पेशंटचं नाव: डॉ. नांद्रेकर.
लिहून देणारे डॉक्टर: तेच.
पेन थोडा वेळ तसंच धरून बसले.
बाहेर कुणीतरी लोखंड तासत होतं.

दुसऱ्या दिवशी मामांच्या हातात
मी अठराची पट्टी ठेवली. हळू म्हणाले,
'हीच घ्या. डॉक्टर सोता घेतात ही.'
मामांनी ती उलटी केली, सुलटी केली,
काउंटरवर परत सरकवली.
'न्हाई गं बाई. शिकल्यालं मानूस त्ये.
मला भारीतली लिवलीया
तर कायतरी बघूनच लिवली असंल की.'

मग कात्री घेतली.
एकशे चारची, मधोमध.
नियमानं तारीख छापलेला तुकडा दुकानात ठेवायचा असतो,
शेवटी विकायचा.
तो मी मामांना दिला.