आठव्या पाळीनंतर

खोका वेळेवर आला. वजन पावणेतीन किलो.
झाकणावर खाणीचा मनोरा, संध्याकाळ, आणि एक घोडा
जो आत कुठेच नाही, मी शोधला.
दोन ते चार भिडू, नव्वद मिनिटं.
(नव्वद मिनिटं नुसते नियम वाचायलाच लागतात.
हे वाक्य मी अकरा वर्षं लिहितेय
आणि संपादक दर वेळी खोडतो.)

पुठ्ठ्यातून चकत्या सुट्या करताना येणारा वास
मला अजून आवडतो, हे आधीच कबूल करते.
पत्ते जाड. कोळसा म्हणून काळे लाकडी ठोकळे, एकशे वीस.
एक कमी भरला. टेबलाखाली सापडला.
गुण कापले नाहीत.

बोट्रोपमध्ये असल्या खेळाला भिडू शोधावे लागत नाहीत.
बाबा आले, अलोइस कोसुबेक, एकतीस वर्षं जमिनीखाली.
त्यांच्याच पाळीतले नेजाती काका आले,
सूर्यफुलाच्या बिया घेऊन, ज्या मी पटापासून लांब ठेवल्या.
चौथी माइके, माझी मुलगी, तेरा वर्षांची,
जी नियम वाचत नाही, नियमातली फट वाचते.

खेळ सोपा आहे. दर पाळीला तीन सोंगट्या.
कुणी खणायचं, कुणी टेकू लावायचे, कुणी पाणी उपसायचं.
कोळशाला गुण. टेकूला नाहीत.
पाण्याला तर नाहीतच.
आठ पाळ्या झाल्या की डाव संपला.

दुसऱ्याच पाळीला बाबा अडले.
सोंगटी चिमटीत धरून म्हणाले, तिसऱ्या थरात टेकू नाहीत.
लागत नाहीत, आजोबा. चौथ्या पाळीपर्यंत छत पडतच नाही. पान चौदा.
बाबांनी पान चौदा वाचलं, चष्मा कपाळावर, सावकाश,
सही करण्याआधी वाचावं तसं.
मग सोंगटी टेकूवर ठेवली.
नेजाती काका बी फोडत म्हणाले, बरोबर.

त्यानंतर दोघं पाणीच उपसत राहिले.
आपल्या खाणीतलं झालं की दुसऱ्याच्या.
नियमात मनाई नाही, मी पाहिलं.
रचणाऱ्याच्या डोक्यातच आलं नसेल.
माइकेला वाटलं, म्हातारे कच्चे लिंबू.
मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू.
वहीत लिहिलं: मागे पडलेल्याला वर यायला वाट नाही. तोल कमी.

शेवटच्या पाळीत माइकेने एका चालीत नऊ गाड्या वर काढल्या.
अशा एका चालीसाठी माणूस खेळ विकत घेतो.
चौपन्न गुण. बाबांचे आठ.
नेजाती काकांचे अकरा, एकदा हात चुकून कोळशाकडे गेला होता म्हणून.

ठोकळे पिशवीत गेले. बाबा उठले नाहीत.
आता पंप कोण चालवणार?
संपला ना डाव, आजोबा.
डाव संपला गं. पाणी कुठे संपलंय?

आमच्याकडे खाणी मिटल्या, पंप मिटले नाहीत.
जमीन खचून खाली बसलीय, घरं तिच्यावर,
आणि खाली कुणीतरी रात्रंदिवस उपसतंय
म्हणून आमच्या तळघरांत सायकली कोरड्या.
त्याला शेवटची पाळी नाही.
हे मला शाळेत शिकवलं होतं.
मी वर्षानुवर्षं त्यावर पट मांडून बसलेय.

परीक्षणाचे रकाने ठरलेले:
चित्रं, घटक, नशिबाचा वाटा, पुन्हा खेळावंसं वाटतं का.
शेवटच्या रकान्याशी बराच वेळ थांबले.
मग लिहिलं, खेळ नेटका आहे,
पण शेवटाला कुठेतरी पाणी मुरतंय.
संपादक विचारेल, म्हणजे काय.
दहापैकी साडेसहा. नंतर खोडून सात.

रात्री खोका बंद करताना सोंगट्या मोजल्या.
दोन कमी. एक करडी, एक निळी.
टेबलाखाली पाहिलं नाही.