कापसाची दाढी

सव्वीस जानेवारी. थंडी अशी
की झेंड्याची गाठ बोटांना दाद देईना.
पोरं एकतीस, राज्यं अठ्ठावीस,
मी सहाच वाटली. कपडे तेवढेच मिळाले.

गुजरात अनिसा शेखला :
फेटिया शेवंता राठोडच्या मायचा,
आरशांसकट. केरळची साडी
सरपंचबाईंची, हळदीचा डाग आत दुमडून.
पंजाब गणू सोयामकडे.
दाढीला परवा वेचलेला कापूस,
डिंक धावड्याचा.

पोडावरची जैवंता आत्राम उरली.
"सर, मी कोन?"
यादीत तिचं काही नव्हतं.
म्हणालो, तू पाणी दे सगळ्यांना.

दिलं तिनं. गडवा घेऊन रांगेतून फिरली,
गणूला म्हणाली येर,
पोशट्टीच्या पोराला नीळ्ळू,
अनिसाला पानी,
आणि शेवटी भिंतीकडे तोंड करून
स्वतः प्यायली तेव्हा, जेमतेम ऐकू येईल असं,
ईर.

तीन वर्षं मी तिची हजेरी घेतोय.
"हजर सर" याच्यापलीकडे
तिचा एक शब्द माझ्याकडे नव्हता.

माइकवर केंद्रप्रमुख एकतेवर बोलत होते.
मागच्या फलकावर 'विविधता'तली
दुसरी वेलांटी मीच चुकवलेली.
भाषण अर्ध्यावर असताना पंजाबची दाढी सुटली,
वाऱ्यानं रांगोळीवर गेली.

गणूची माय उठली. दाढी उचलली,
रंग झटकला, डिंक नखानं खरवडला
आणि ओट्यात टाकत म्हणाली,
"भाव बरा हाय सध्या."