पट तेवीस

आमच्या मागे नववी नव्हतीच.
दरवर्षी नववी देते दहावीला निरोप,
फुगे तीच फुगवते, समोसेही तीच मोजते.
आमच्या मागे फक्त बंद खोल्या,
आत एकमेकांवर चढवलेले मोडके डेस्क,
आणि 'इयत्ता नववी'ची पाटी देवाजीकाकांनी
ऑफिसातल्या कूलरखाली पाचर म्हणून लावलेली.

मग काय, आपणच आपल्याला सेंडऑफ.
वर्गणी पन्नास. उर्वशी हेडाऊनं वहीत लिहून घेतली,
चौघांच्या नावापुढं लिहिलं 'नंतर',
आणि ते नंतर कोणीच काढलं नाही.

लोकेश निनावे आधी नववीतर्फे बोलला,
"आमच्या लाडक्या ताई-दादांनो..."
खाली उतरला, शर्ट खोचला, परत वर चढला,
आणि दहावीतर्फे नववीचे आभार मानले.
आम्ही डेस्क बडवून हसलो.
बोरीकर मॅडमनी चष्मा काढून पुसला,
बराच वेळ पुसला.

मॅडम म्हणाल्या, आठवणी सांगा.
ऐनवेळी धड काही आठवेना.
कोणी म्हणालं, अधिवेशनातले मोर्चे,
रस्ते बंद झाले की मिळणारी अर्धी सुट्टी.
कोणी म्हणालं, मारबत निघाली तेव्हा
गल्लीच्या तोंडाशी उभं राहून सगळा वर्ग ओरडला होता
"भूमिती घेऊन जा गे मारबत!"
आणि मागे नगराळे सर उभे होते.
(भूमिती गेली नाही. सर तेवढे तीन दिवस बोलले नाहीत.)
पल्लवीच्या मामाच्या बागेतली संत्री,
सालीचा फवारा डोळ्यांत, मग डोळे चोळत
कवितेच्या तासाला गहिवरल्याचं सोंग.

मला आठवला माग.
शाळेच्या भिंतीपलीकडं परात्यांचा माग चालायचा,
खटक खट, खटक खट,
त्याच ठेक्यावर आम्ही पाढे पाठ केले.
सातवीत असताना तो बंद पडला
आणि माझा तेराचा पाढा
तेरा सत्ते एक्क्याण्णववरच राहिला.
हे मी उभं राहून सांगितलं नाही.

साडेतीनला दारात आवाज,
"सांभारवडीची ऑर्डर कोणाची?"
हातात दोन डबे, कमरेला कॅटरिंगवाल्याचा एप्रन,
निकेश डेकाटे.
पोळ्यानंतर जो शाळेत आलाच नव्हता.
ज्याचं नाव दिवाळीनंतर पटावरून निघालं होतं.
आम्ही त्याच्याकडं, तो आमच्याकडं,
मधे वाफेचा, कोथिंबिरीचा वास.
"काऊन बे, असे पाहून काय राहिले?
गरम आहे, खा ना."

मॅडम म्हणाल्या, बस.
"जायचं आहे मॅडम, पाचला एक वास्तू आहे मानेवाड्याला."
बस म्हटलं ना.
तो तिसऱ्या डेस्कवर बसला,
कर्कटकानं कोरलेल्या स्वतःच्याच अर्ध्या नावावर
हात ठेवून.
पूर्ण कोरायच्या आत गेला होता.

फळ्यावर पल्लवीनं सकाळी लिहिलं होतं,
पट २३, हजर २३,
वर्षभरात पहिल्यांदाच आलेला हा आकडा.
ती उठली, बोटानंच तीन पुसला,
त्या जागी चार लिहिला.
पट २३, हजर २४.

नगराळे सर फळ्याकडं बघत राहिले.
एक चूक जे सोडत नाहीत,
एक सुटलेलं चिन्ह ज्यांना जेवू देत नाही,
त्यांनी डस्टर उचललं,
थोडा वेळ हातात धरलं,
आणि खिडकीत ठेवून दिलं.
वडी मागून घेतली. दोन खाल्ल्या.

चारला निकेश निघाला.
रिकामे डबे सायकलला बांधले,
कोणाला टाटा नाही, काही नाही,
"पेपर चांगले लिहा बे" एवढंच.
गोळीबार चौकाकडचा रस्ता खड्ड्यांचा.
दूर जाईपर्यंत डबे वाजत होते,
खटक खट, खटक खट,
आणि माझ्या शेजारी कोणीतरी, लोकेश असावा,
ओठातल्या ओठात म्हणू लागला,
तेरा एके तेरा,
तेरा दुणे सव्वीस.